खळ्यावरची गाडी

आमच्या गाडीला क्लच नाही. त्याच एका कारणानं ती आमच्या दारात आली, नाहीतर पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यात असली शहरी गाडी कोण आणतंय. जुनी, पांढरी, दारं कुरकुरणारी. जव्हारहून बदली होऊन चाललेल्या एका साहेबाला ती नकोशी झाली होती आणि आम्हाला ती हवी होती, कारण माझ्या नवऱ्याचा डावा हात आणि डावा पाय कामातून गेला होता.

त्याआधी तो जीप चालवायचा. मोखाडा ते जव्हार, मधेच दाभोशाला, लग्नसराईत वऱ्हाड भरून कुठे कुठे. उभ्या जन्मात त्यानं दुसरं काही केलं नाही. वाटणीचं शेत धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या दिराला, कसायला देऊन टाकलं आणि हा स्टिअरिंगला चिकटला. याच्या गाडीत पाय ठेवला की माणूस पोचणारच, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून हा फुगायचा. मग एका सकाळी हातातून चहाचा कप पडला, तो उचलायला वाकला आणि तिथेच कलंडला. लकवा. जव्हारहून नाशिकला नेला. कितीतरी दिवस नाकातून नळी होती, मोठ्या पिचकारीनं मी त्या नळीतून पेज सोडायची. जगला खरा, पण घरी आणल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जीप विकली त्या दिवशी तर पाण्याचा घोटही घेतला नाही त्यानं.

मी अंगणवाडीत काम करते. दिवसभर लोकांच्या पोरांना भरवायचं आणि घरी येऊन या दांडग्या माणसाला भरवायचं. चिडायची मी, खोटं कशाला बोलू. "मरायचं असंल तर सांग, नायतर ऊठ," असं एकदा तोंडावर म्हणाले. उठला नाही. उठला तो ही गाडी आली तेव्हा.

या गाडीत गिअर आपले आपण पडतात. उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, उजवा हात पोटावरून पलीकडे नेऊन मधला दांडा खाली ओढायचा आणि ब्रेक सोडायचा, झालं. डाव्या अंगाचं कामच नाही. पहिल्यांदा त्यानं ती अंगणातून रस्त्यापर्यंत नेली आणि परत आणली तेव्हा मी चुलीपाशी बसून रडले. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः दाढी केली. मग रोजचंच झालं. सकाळी मोखाड्याच्या जीप स्टँडवर जायचं, कडेला गाडी लावायची, गाडीत बसूनच चहा प्यायचा, जुने दोस्त खिडकीला टेकून बोलत राहायचे, आणि उन्हं चढली की परत यायचं. काही कमाई नाही, काही काम नाही. लायसनचं मला विचारू नका. त्या एका चहासाठी तो जगत होता आणि मला तेवढं पुरे होतं.

दिरानं एकदा म्हटलं, "भाऊ, तेल कशाला जाळतोस, पाड्यावरची जीप जाते ना रोज." तर त्याच्यावर असा भडकला की कोंबड्या उडाल्या. "दुसऱ्याच्या जीपमध्ये पाशिंजर म्हणून मी बसायचा नाय. तसं न्यायचं असंल तर तिरडीवर न्या." 

आणि मग गाडी घसरायला लागली. चढाला इंजिन नुसतं रडायचं, गाडी जागची हलायची नाही, मग एकदम हिसका देऊन सुटायची. त्याच दिवसांत बारीकसारीक अपघातही सुरू झाले. मोरीच्या कठड्याला घासून डावीकडचा आरसा गेला. एका म्हातारीची बकरी डाव्या चाकाखाली यायची वाचली, म्हातारीनं आमच्या सात पिढ्या काढल्या. एकदा मी सोबत होते, मोखाड्याच्या अलीकडच्या वळणावर दरी आपल्या डाव्या हाताला येते तिथे. गाडी डांबर सोडून खडीवर गेली, माझ्या खिडकीतून मला सरळ खालची झाडंच दिसली. मी किंचाळले. त्यानं गाडी ओढून आत घेतली, कपाळ घामानं भिजलेलं. "गिअर सरकला," म्हणाला. आरशाच्या वेळीही तेच, बकरीच्या वेळीही तेच. मी ऐकलं. तो ड्रायव्हर, मी भात शिजवणारी बाई, मला काय कळतं गिअर कुठे सरकतो.

जव्हारच्या एका मेकॅनिकला दाखवली. त्याचा सगळा जन्म जीप आणि टेम्पोखाली गेलेला, असली गाडी त्यानंही क्वचितच पाहिलेली. त्यानं गिअरबॉक्समधलं ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, बोटावर ऑइल घेऊन हुंगलं, तोंड वाकडं केलं. काळं ऑइल. ते मुळात लाल असतं म्हणे. मग म्हणाला, "याला हात लावू नका, ताई. जुन्या गिअरबॉक्सला जुनंच ऑइल धरून ठेवतं. नवीन टाकाल आणि कायमची बसंल. आहे तोवर चालवा."

आहे तोवर. हे शब्द मी नाशिकच्या दवाखान्यातही ऐकले होते, नवऱ्याच्या खाटेपाशी. तेव्हाही मला राग आला होता, आताही आला. मी ठरवलं, ऑइल बदलायचं. गाडी गेली तर हा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार आणि या वेळी मी त्याला उठवू शकणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. वरच्या टेकाडावर जिथे रेंज मिळते तिथे बसून मी मोबाइलवर एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. खालचा नट काढा, जुनं सोडा, जेवढं निघालं तेवढंच नवीन पट्टीच्या नळीतून भरा, मग गाडी सपाट जमिनीवर उभी करून इंजिन चालू ठेवा, सगळ्या गिअरमधून दांडा फिरवा आणि पट्टी बघा. यात अवघड काय आहे? सुईणीचं काम याहून अवघड असतं आणि तेही मी दोनदा केलं आहे.

नवल म्हणजे हाच नको म्हणाला. "राहू दे. जाऊ दे तिला."

"जाऊ दे म्हणजे? आणि तू काय करशील?"

काठीनं जमीन उकरत बसला. मला वाटलं, मेकॅनिकनं याचं मन मोडलं. मी तोंडाचा पट्टा सोडला. दवाखान्यातलं काढलं, जीपचं काढलं, त्याच्या बापाचंही काढलं. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई. कर." लाल ऑइलचे डबे एका जीपवाल्याकडून नाशिकहून मागवले.

थंडी सरत आली होती, भात झोडून घरात आलेलं, दिराचं खळं रिकामं. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं गाडी थोडी फिरवून गरम केली आणि अंगणात पुढची चाकं दोन चपट्या शिळांवर चढवली. मागच्या चाकांना मी धोंडे लावले. गोणपाट टाकून खाली शिरले. तो बाजेवर बसून काठीनं दाखवत होता. आधी पान्हा उलटा फिरवला म्हणून शिव्या खाल्ल्या, मग नट निसटून हातावर गरम ऑइल आलं आणि मी त्याला शिव्या घातल्या. काळंकुट्ट ऑइल कापलेल्या कॅनमध्ये पडत राहिलं. करपलेल्या तव्याचा वास होता त्याला. नखांत गेलेलं ते काळं किती दिवस निघालं नाही, अंगणवाडीतली पोरं माझ्या हातचं खायला बघेनात.

दुपारी जेवायला बसलो. त्यानं नेहमीसारखा अर्धाच भात खाल्ला. लकव्यापासून त्याची ही खोडच पडली होती, ताटात अर्धं टाकून उठायचं आणि परत वर म्हणायचं, भूक भागली नाही. "अर्धं ताट कुणासाठी ठेवतोस रोज? कोंबड्या माजल्या तुझ्या," मी म्हणाले. तो हात धुवायला सरकला.

जुनं किती निघालं ते मी डब्यानं मोजलं होतं. तेवढंच नवीन, एक थेंब इकडेतिकडे न करता, पट्टीच्या नळीतून भरलं. नरसाळं त्या नळीला मोठं पडत होतं, म्हणून दवाखान्यातली पेजेची पिचकारी आणि नळी काढली. फेकायचं जिवावर आलं होतं, म्हणून उतरंडीमागे ठेवली होती. नवं ऑइल लालभडक, काकवीपेक्षा पातळ. नवऱ्याच्या पोटात पेज सोडायची त्याच हातानं मी ते सोडत होते. मला तेव्हा वाटलं, हा एकदा असाच वाचला, गाडीही वाचेल.

राहिलं काय, तर सपाट जमीन. आमच्याकडे ती कुठून आणायची? अंगणात ठेवलेला तांब्यासुद्धा एका बाजूला कलतो. घरं उतारावर, रस्ता उतारावर, अंगणवाडी उतारावर. सपाट म्हणजे खळं. आमच्यात बोलायचीच रीत आहे, एखादी जागा छान असली की म्हणतात, खळ्यासारखी सपाट आहे. पण खळं म्हणजे देवाची जागा. तिथे भात झोडतात, नागली मळतात, पहिली रास तिथे पुजतात. चपला घालून कोणी त्यावर जात नाही, आणि मी तिथे गाडी नेऊ का विचारत होते. दिरानं मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाला, "वहिनी, भावासाठी म्हणून हो म्हणतो. चाकं धुऊन आण, आणि एक थेंब सांडू देऊ नको." आमची विहीर तेव्हाच तळाला लागलेली. मी चार टायर धुवायला डोक्यावरून पाणी आणलं, शेजारणी बघत होत्या आणि मला वेडी म्हणत होत्या.

नवऱ्यानं गाडी खळ्यावर घेतली. आधी ती उभी राहिली मेढीला, म्हणजे खळ्याच्या खांबाला, लागून, घराकडे तोंड करून. मी गोणपाट पसरलं. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. फिरवतो." आणि एवढ्याशा खळ्यात पुढे-मागे करत त्यानं गाडीचं तोंड पलीकडच्या टोकाच्या आंब्याकडे केलं. मी वैतागले, गोणपाट उचला, परत पसरा. "काय फरक पडतो?" तर म्हणाला, "ऊन डोळ्यावर येतं." उन्हं तेव्हा घरामागे गेली होती. पण मी इतकी दमले होते की वाद घातला नाही.

इंजिन चालू. दांडा एकेका गिअरमधून फिरवला. मी पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर.

"जास्त झालं," तो म्हणाला. "काढ."

"जेवढं निघालं तेवढंच ओतलं मी. जास्त कसं होईल?"

"नवं ऑइल गरम झालं का फुगतं. तू ड्रायव्हर का मी?"

मग तीच पिचकारी, तीच नळी. ओतलेलं ओढून काढायचं, डब्यात सोडायचं, पुन्हा पट्टी बघायची. अजून काढ, अजून. खुणेवर आलं तेव्हा निम्मा डबा भरला होता. त्यानं पट्टी स्वतःच्या हातात घेतली, डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि म्हणाला, "बास. बरोबर झालं." एक थेंबही सांडला नाही. दिरानं खळ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मीही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर निघाले. पाड्याच्या आत गाडी लोण्यासारखी चालली. मी मनात त्या मेकॅनिकला चार शब्द सुनावले. मग पाड्याबाहेरचा चढ लागला. इंजिन रडलं. त्यानं पाय दाबला, आणखी दाबला. कालचा तो करपलेला वास पुन्हा आला, या वेळी नव्या ऑइलचा. गाडी थोडी मागे सरकली. त्यानं ब्रेक दाबला, हात पलीकडे नेऊन हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवली. एकदम सगळं शांत झालं.

"बसली," तो म्हणाला.

मी उतरून चाकांना दगड लावले आणि रस्त्यावरच बसले. मी माझ्या हातांनी मारली होती ती गाडी. मेकॅनिक सांगत होता, हा सांगत होता, मी ऐकलं नाही. मागून पाड्यावरची जीप आली. सगळे खाली उतरले. मला वाटलं, आता हा ओरडेल, काठी फेकेल, दार लावून आत बसून राहील. त्यानं जीपवाल्याला हात केला. दोघांनी धरून त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि तो पाशिंजर म्हणून मोखाड्याला गेला. चहा पिऊन आला. स्टँडवर सगळे म्हणाले म्हणे, याच्यासारखा उस्ताद ड्रायव्हर आणि गाडीनं दगा दिला, नशीब एकेकाचं. हे मला सांगताना त्याचा आवाज शांत होता. भिंतीकडे तोंड करून तो झोपला नाही. रडत होते ती मीच.

गाडी ओढून आणून अंगणात लावली. पावसाळ्यात तिच्याखाली कोंबड्या बसायच्या. मी तिच्याकडे बघणं टाळायची. जव्हारच्या रस्त्यावर तो मेकॅनिक दिसला तर मी रस्ता बदलायची.

भातं पिकली. खळं सारवायचं ते दरवर्षी माझी जाऊ सारवते, पण त्या साली ती बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून दिरानं मला बोलावलं. मी या घरात नांदायला आल्यापासून त्या खळ्यावर कधी हात फिरवला नव्हता. आमचं घर जीपचं, आम्हाला खळ्याचं काय. शेणकाला पातळ केला आणि घराकडच्या मेढीपाशी ओतला. मी हात लावायच्या आत तो निघाला. सरळ आंब्याकडे. हळूहळू, पण एकसारखा, सगळा तिकडेच.

मी दिराला हाक मारली. "हे असं का वाहतं?"

"उतार हाय ना," तो म्हणाला. "अवकाळी आला तर रास भिजू नये म्हणून बाबानं काढला. मी आणि भाऊ होतो मदतीला. डोळ्याला दिसत नाय, पण पाणी थांबत नाय बघ."

मी तशीच शेणानं भरलेले हात घेऊन बसले. गाडीच्या पट्टीची नळी पुढच्या बाजूला आहे. गाडीचं तोंड उताराकडे केलं की ऑइल पुढे जमतं, कललेल्या तांब्यातलं पाणी एका काठाला येतं तसं, आणि पट्टी भरून दाखवते. मग काढा. अजून काढा, आणि चढाला निम्म्या ऑइलवर गिअरबॉक्स जळणारच. ज्यानं तो उतार स्वतःच्या हातानं काढला, त्यानंच गाडी फिरवून तोंड तिकडे केलं होतं.

खळं कसंबसं पुरं केलं. संध्याकाळी त्याला ताट वाढलं आणि समोर बसले. तोच बोलला आधी.

"खळं सारवलंस?"

"सारवलं."

"पाणी अजून आंब्याकडंच जातं ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुला ठाऊक होतं. मी गाडीखाली लोळले, पाणी वाहिलं, लोकांचं ऐकून घेतलं. वर्षभर मनात म्हणतेय, मी मारली, मी मारली. तोंड होतं ना तुला? नको चालवायला म्हणून सांगायचं."

तो भात चिवडत राहिला. "काय सांगू," म्हणाला. "जीपवाला आंधळा झाला म्हणून सांगू?"

"कोण आंधळा?"

"डावीकडचं नाय दिसत मना. लकव्यापासून. उजवीकडचं सगळं दिसतं, डावीकडं काहीच नाय. काळं पण नाय, नुसतं नाय." मग तो माझ्याकडे वळला, मान अख्खी फिरवून, आजकाल वळतो तसा. "त्या वळणावर तू ओरडलीस ना. तू बाजूला बसलेलीस आणि मना तू दिसत नव्हतीस. आवाज आला तेव्हा कळलं, गाडीत तू हायस."

 ताटात उजवीकडचा भात संपला होता आणि डावीकडचा तसाच होता, रोजच्यासारखा. मी ताट फिरवून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं भाताकडे पाहिलं आणि तो सगळा जेवला.